दिवाळसणाचे टायर

गुणवंतरावांना राग यायला फार मोठं कारण लागत नाही, हे साऱ्या धानोऱ्याला ठाऊक होतं. पण पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर त्यांना जो राग आला त्याला कारण होतं, आणि ते गाढवालाही पटलं असतं. सकाळच्या सर्विस मोटारीतून बर्फाची पेटी उतरवून ते घरी आले, ओसरीतली सायकल बाहेर काढायला गेले आणि हँडलवर हात ठेवून तिथंच थांबले. सायकल त्यांची होती. रिम त्यांचे होते. टायर मात्र त्यांचे नव्हते. त्यांच्या पावणेदोन इंची गुबगुबीत टायरांच्या जागी कुणीतरी सव्वा इंची, सडपातळ, नवेकोरे टायर चढवले होते. पहिलवानाच्या डोक्यावर तान्ह्या पोराची कुंची घालावी, तसं ते दिसत होतं.

"आई, माहे टायर कुठी आहेत?"

भागीरथाबाई चुलीपाशी होत्या. लेकाचा आवाज ऐकून त्यांनी फुंकणी खाली ठेवली नाही, उलट जास्तच जोरानं फुंकली. म्हणजे उत्तर त्यांच्याजवळ होतं.

"जावईबापूनं नेले."

"नेले म्हंजे?"

"म्हंजे मी देले. दिवाळसण होता. रुसले होते ते."

पहिल्या दिवाळसणाला जावयानं पाटावर बसून रुसायचं, घासाला हात लावायचा नाही आणि सासूनं 'काय पाह्यजे, बापू' म्हणून विनवायचं, ही रीतच आहे. कुणी उपरणं मागतो, कुणी अंगठी. शहाणा असेल तर दुसऱ्या विनवणीला मानतो आणि वड्यांवर ताव मारतो. देवाजी शहाणा नव्हता. कोसमटोल्याच्या पाटलाचा तो एकुलता एक मुलगा. जन्मापासून त्याला कुणी नाही म्हटलेलं नव्हतं आणि त्यामुळे तो शब्द त्याला कळतही नसे. लग्नात मिळालेली त्याची सायकल बारीक टायरांची, शहरी, चकचकीत. ओसरीतले हे जाडे टायर त्याच्या डोळ्यांत भरले. वडे थंड झाले, खिरीवर साय धरली, तरी त्याचा हात मांडीवरून हलला नाही.

गुणवंतराव तेव्हा गडचिरोलीला लस आणायला गेलेले. घरात दुसरं पुरुष माणूस नाही, दारात नवी नवरी झालेली त्यांची बहीण मनकर्णा रडकुंडीला आलेली, आणि पाटावर तो दहावा ग्रह बसलेला. भागीरथाबाईंनी हो म्हटलं. दोन्ही सायकली बाबूभाईच्या दुकानात गेल्या, टायरांची अदलाबदल झाली, मग देवाजीनं वडे खाल्ले आणि बायकोला मागं बसवून तो आपल्या गावी गेला.

"टायरच तं होते, गुणवंता," भागीरथाबाई म्हणाल्या. "त्याचे नवे देऊन गेले ना ते. तुह्ये तं जुनेच होते."

हे ऐकून गुणवंतरावांची तळपायाची आग मस्तकात गेली. जुने. त्या जुन्या टायरांसाठी त्यांनी काय काय केलं होतं, ते या घरात कुणाला सांगायचं?

गुणवंतराव सरकारी ढोर दवाखान्यात स्टॉकमन होते. लोक त्यांना ढोर डॉक्टर म्हणत. काम काय, तर जंगलातल्या टोल्याटोल्यांवर, आडवाटेच्या वाड्यांवर, जाऊन गाईबैलांना बुळकांडीची लस टोचायची. लस काचेच्या कुप्यांत, कुप्या थर्मासात, थर्मास बर्फाच्या पेटीत, पेटी धानाच्या तुसात, आणि हा सगळा संसार सायकलच्या कॅरिअरवर. बर्फ विरघळला की लस गेली. कुपी फुटली की लस गेली. दवाखान्यानं दिलेल्या सायकलला दीड इंची टायर होते. नाल्याच्या रेतीत ते सुरीसारखे रुतत, खडकावर सायकल अशी हादरे की थर्मासातल्या कुप्या एकमेकींवर आपटून फुटत. दवाखान्यातल्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, बारीक टायर हलका पळतो. पळत असेल. डांबरी सडकेवर पळत असेल. धानोऱ्याच्या पुढं डांबर होतं ते फक्त साहेबांच्या डोक्यात.

म्हणून गुणवंतराव स्वतःच मागं लागले. कामठीच्या मिलिटरी लिलावातून आलेले पावणेदोन इंची टायर त्यांनी मिळवले आणि तेवढ्याच गोलाईच्या अरुंद रिमवर चढवले. तेही चुकलंच. नाकापेक्षा मोती जड. बारीक रिमवर जाडा टायर बुडाशी आवळला जातो आणि वर फुगतो. वळणावर तो अंगाखाली डोलायला लागतो. धानाच्या एका बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तो असाच डोलला, रिममधून निसटला आणि गुणवंतराव पेटीसकट धानाच्या चिखलात गेले. त्या दिवसापासून त्यांना कळलं की नुसता टायर रुंद करून भागत नाही, रिमही तेवढाच ऐसपैस पाहिजे. मग बाबूभाईनं रुंद रिम आणले, नवे आरे भरले, मडगार्ड काढून टाकले. रुंद रिमवर जाडा टायर पाय रोवून बसला. आता हवा थोडी कमी ठेवली तरी चालायचं. अंगठ्यानं दाबला की जरासा दबावा, इतकी. रेतीवरून तो तरंगत जाई, मुळांवरून आणि बांबूच्या खुंटांवरून मऊ उतरे, आणि थर्मासातल्या कुप्या एकमेकींना हात लावत नसत.

हे सारं गेलं, कारण कुणालातरी वडे गरम असताना खायचे नव्हते.

आणि दिवसही कोणता. आज लालसूच्या टोल्यावर जायचं होतं. लालसू त्या टोल्याचा गायता. गावदेवाची पूजा त्याच्या हातची, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. तिथले लोक बुळकांडीला माता म्हणत आणि सुई टोचली तर माता कोपते असं मानत. गुणवंतराव गेलं वर्षभर तिकडं खेटे घालत होते. भांडले, रुसले, त्यांच्या आंबिलीचे दोणे प्याले. शेवटी दिवाळीच्या तोंडावर पलीकडच्या गावात रोग आला, तेव्हा लालसू म्हणाला, "गायगोधन झालं का पुढच्या बाजाराच्या दिवशी ये. ढोरं आखरावर थांबवतो. सूर्य डोक्यावर येईतो थांबवतो. त्याच्यानंतर नाई थांबत, दादा, ढोरं उपाशी राह्यत नाई." गायगोधन म्हणजे दिवाळीतली ढोरांची पूजा, आणि आखर म्हणजे गावाबाहेरची ढोरं गोळा करायची जागा. तिथून सुटली की ढोरं जंगलात पाणवठ्यावर जाणार, आणि त्याच पाणवठ्यावर पलीकडच्या गावची आजारी ढोरं उतरत होती. आज टोचलं तर टोचलं.

"बारीक टायर तं बारीक टायर," भागीरथाबाई म्हणाल्या. "चाक फिरते ना?"

आता बोललं तर आईला लागेल असंच तोंडून निघेल, हे गुणवंतरावांना कळत होतं. ते सायकल घेऊन बाबूभाईच्या दुकानावर गेले.

बाबूभाई दुकान उघडतच होते. गुणवंतरावांचं तोंड पाहून त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"मेरेकू मालूम था तुम आओगे," ते म्हणाले. "पण तुमच्या अम्मानं सांगतलं, दामाद रुसला हाय. मी काय करू? त्या दामादले मी म्हणलो, भाई, तुझी रिम पतली, टायर मोटा, ये शादी टिकनेवाली नई. हसला अन् गेला."

"माह्या रिमवर बसंल असा जाडा टायर दे, बाबूभाई. कोणताबी दे."

"हाय कुठी? जे हायत ते दीडचे. त्याची गोलाई अलग, तुमच्या रिमवर चढतच नाई. कामठीचा माल खतम झाला. दूसरा लाट कधी येईन, अल्ला जाने."

बाबूभाईंनी बारीक टायर हातानं चाचपले. रुंद रिमवर ते चपटे होऊन बसले होते, रिमच्या दोन्ही कडा टायरच्या बाहेर डोकावत होत्या. "हवा कडक ठेवा," ते म्हणाले, "नाईतर पयला दगड थेट रिमले लागंन." त्यांनी हवा भरली, ठिगळाचं सामान दिलं आणि गुणवंतरावांच्या बॅगेत एक जुनी ट्यूब कोंबली.

गुणवंतराव निघाले. रस्ताभर ते बोलत होते, ऐकायला सागाची झाडं होती. जावयाला बोलले, आईला बोलले, रीत काढणाऱ्या पूर्वजांना बोलले. कडक टायर दर दगडावर उडत होता आणि प्रत्येक उडीला थर्मासात काच वाजत होती. पहिल्या नाल्यात रेतीनं पुढचं चाक धरलं. ते उतरले, पेटी छातीशी धरून सायकल ओढत पलीकडं आले. दुसऱ्या नाल्याच्या उतारावर मागचं चाक खडकावर बसलं. आवाज आला तो टायरचा नव्हता, लोखंडाचा होता. रिमच्या कडेला खळगा पडला आणि ट्यूब तिथंच चिमटली. त्यांनी ठिगळ लावलं, पुन्हा भरली, पुन्हा बसले, आणि थोड्याच अंतरावर पुन्हा तेच. बाबूभाईची जुनी ट्यूब टाकली, तर वाकड्या कडेनं तिलाही फाडली. उन्ह वर चढत होतं. पेटीच्या कोपऱ्यातून थेंब गळायला लागले होते, आणि प्रत्येक थेंब त्यांना अंगावर उकळतं पाणी पडावं तसा लागत होता.

कोसमटोला वाटेवरच होता. गुणवंतराव सायकल ढकलत सरळ पाटलाच्या अंगणात शिरले.

देवाजी बाजेवर बसून विड्याला चुना लावत होता. त्याच्या समोर त्याची सायकल उभी होती. हँडलला झेंडूची माळ, आरशाला लाल गोंडा, आणि चाकांवर गुणवंतरावांचे टायर. आज शेजारच्या गावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, होती आणि स्वारी तिकडे निघाली होती.

"या या," देवाजी म्हणाला. "आज साळा घरी आला. मनकर्णे, पाणी आन. ताट वाढाले सांग."

"ताट नको, भाटवे. मले माहे टायर द्या."

देवाजी हसला. मस्करी चालली आहे असं त्याला वाटलं असावं.

गुणवंतरावांनी सगळं सांगितलं. लालसू, आखर, बर्फ, पाणवठा. सांगताना त्यांचा आवाज चढत होता आणि ते तो मुठीत धरून खाली ओढत होते. देवाजीनं विडा तोंडात ठेवला.

"त्या टोल्यावरची ढोरं? ते लोक सुई टोचू तरी देते का? तुम्ही कायले जीव काढून राह्यले? एक काम करा, आज मंडई होऊ द्या. उद्या टायर काय, सायकलच घेऊन जा."

"उद्या जाऊन मी काय ढोरायचे हाडं टोचू?"

"मंग आमची रेंगी न्या. बैल जुपून देतो."

"तिकडं रोग आहे. तुमचे बैल तिकडं नेऊन रोग इकडं आणू?"

आपले बैल म्हटल्यावर देवाजीला रोग कळला.

गुणवंतराव त्या सायकलजवळ गेले. जे होणार ते होतच होतं. बारीक रिमवर त्यांचा टायर बुडाशी आवळून वर सुजला होता. चालताना डोलून डोलून चिमट्याला घासला होता आणि बाजूचं रबर जाऊन आतलं सूत दिसत होतं. अजून चार मैल वळणाची वाट, की गेला. तरी आज, आत्ता, आपल्या रिमवर बसवला तर लालसूपर्यंत पोचवेल. त्यांनी खिशातून पाना काढला आणि पुढच्या चाकाच्या नटाला लावला.

आतून विहीणबाई बाहेर आल्या. पदर तोंडाला लावून त्या कुणाला तरी उद्देशून, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या. माहेरच्यांनी दिवाळसणाला दिलेली वस्तू माहेरचेच लोक अंगणातून खोलून नेऊन राह्यले, असं कुठी पाह्यलं का बाई. आमच्या पोराचं हसं करता. मग आमच्या सुनेलेही घेऊन जा, तिले कायले ठेवता.

गुणवंतरावांनी वर पाहिलं. मनकर्णा दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. तिनं फक्त डोकं हलवलं, अगदी थोडं. नको, दादा.

पाना नटाला लागलेला होता. एक झटका दिला असता तर नट सुटला असता. गुणवंतरावांनी पाना काढून खिशात ठेवला.

इथं त्यांना जो राग आला तो देवाजीचा नव्हता, विहीणबाईचाही नव्हता. सकाळी आईला जाब विचारताना ते किती ताठ उभे होते, ते त्यांना आठवलं. आईला एका ताटासमोर नाही म्हणता आलं नाही. त्यांना एका तांब्यासमोर नाही म्हणता आलं नाही. आईला निदान पोरगी पाठवताना भ्यायचं कारण होतं. ते स्वतः तर सगळं ठाऊक असून भ्याले. त्यांनी आपली मोडकी सायकल तिथंच अंगणात पाडली, पेटी खांद्यावर घेतली आणि पायी निघाले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

टोल्याच्या अलीकडे, बांबूच्या बनात, त्यांना घंटांचा आवाज आला. ढोरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, ठकठक, एक इकडं, दोन तिकडं, खाली पाणवठ्याच्या बाजूला बऱ्याच. आखरावर बांधलेल्या ढोरांच्या घंटा एका जागी वाजतात. या सुटलेल्या ढोरांच्या होत्या. गुणवंतराव धावले, कशासाठी धावतो आहोत हे ठाऊक नसताना धावले.

आखर रिकामं होतं. शेणानं भरलेली ती मोकळी जागा, आणि एका मोहाच्या बुंध्याशी बांधलेली एक बैलजोडी. तिच्याजवळ लालसू उकिडवा बसला होता. तो उठला नाही.

"सूर्य पाय," तो म्हणाला.

"लालसू, माही सायकल..."

"मी थांबवले. बाया ओरडल्या, वासरं ओरडले, ढोरं राखणारा गायकी शिव्या देऊन राह्यला. मी म्हणलो, दादा शब्दाचा पक्का आहे, येते. सूर्य डोक्यावर आला, तरी म्हणलो, येते. मंग त्यायनं सोडले." त्यानं हनुवटीनं बैलांकडं दाखवलं. "हे माहे. माह्या शब्दानं एवढेच थांबले."

गुणवंतरावांना टायर सांगायचे होते, जावई सांगायचा होता, तांब्या सांगायचा होता. तोंडाशी आलं आणि त्यांचं त्यांनाच ते इतकं फालतू वाटलं की ते बोललेच नाहीत. त्यांनी पेटी उघडली. बर्फाचं पाणी झालेलं होतं, पण थर्मास अजून गार लागत होता. बऱ्याच कुप्या फुटल्या होत्या. ज्या धड होत्या त्यातली लस कालवून त्यांनी ती जोडी टोचली. दुसरी ढोरं शोधायला म्हणून दोघं पाणवठ्यावर उतरले, तर तिथं टोल्याची आणि पलीकडच्या गावची ढोरं एकाच पाण्यात तोंड घालून उभी होती. तोंडातून लाळ गळणारी एक गाय मधोमध होती. लालसूनं ती पाहिली आणि परत फिरला.

पुढचं सांगायला नको, पण सांगितलं पाहिजे. दुसऱ्या खेपेचा बर्फ येईपर्यंत टोल्यात रोग बसला होता. गुणवंतराव पुन्हा गेले, तर वेशीवरच आडवी काठी धरून बायकांनी त्यांना परत पाठवलं. ढोरं पडत गेली. धान कापणीला आलं तेव्हा टोल्यात बैल उरला नव्हता. लोकांनी धानाचे भारे डोक्यावर वाहिले. लालसूची जोडी तेवढी उभी राहिली. आणि टोल्यानं त्याचा जो अर्थ लावायचा तोच लावला, की गायत्यानं सुई आपल्या बैलांपुरती ठेवली आणि माता गावावर घातली. गावदेवाची पूजा त्याच्याकडून काढून घेतली.

कोसमटोल्याची ढोरं गुणवंतरावांनी त्या परत फिरलेल्या लसीनं वेळेवर टोचली होती. देवाजीचं एक वासरूही गेलं नाही. राग येतो तो याचा. जगात न्याय असता तर निदान एक वासरू तरी गेलं असतं, आणि मग लगेच वाटतं, वासरानं काय केलं होतं?

संक्रांतीला देवाजी आणि मनकर्णा धानोऱ्याला आले. देवाजी लंगडत होता. मंडईच्या ऐन गर्दीत, वळणावर, जाड्या टायरनं रिम सोडला होता आणि स्वारी माळेसकट मिठाईवाल्याच्या कढईजवळ पडली होती. तेव्हापासून जो तो त्याला हसत होता, आणि याचं खापर त्यानं कुणावर फोडावं हे सांगायची गरज नाही.

दुपारी त्याचं ताट वाढलं. वडे, सुवाऱ्या, तिळाच्या पोळ्या, तूप. देवाजी पाटावर बसला, ताटाकडं पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

भागीरथाबाई समोर उभ्या होत्या. गेले दोन महिने लेक त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता. टोल्यावर काय झालं ते त्यांनी बाजारात बायकांच्या तोंडून ऐकलं होतं.

"काय पाह्यजे, बापू?" त्यांनी विचारलं. आवाजात विनवणी नव्हती, पण देवाजीला ते कळलं नाही.

"टायर देले, रिम काऊन नाई देले?" देवाजी म्हणाला. "रिम बारीक होता म्हणून मी पडलो. हे अर्धं देणं झालं. मले ते रुंद रिम पाह्यजे. दोन्ही."

गुणवंतराव ओसरीत होते, कोसमटोल्याहून परत आणून रिम ठोकून सरळ केलेल्या आपल्या सायकलपाशी. त्यांनी हे ऐकलं आणि उठले. आता त्यांना कुणाचा तांब्या अडवणार नव्हता. पण ते आत जाणार तोच फाटकाशी बैलांच्या घंटा वाजल्या. लालसू आला होता. मागं त्याची ती जोडी होती. त्यानं बैल फाटकाला बांधले, ओसरीच्या पायरीवर बसला आणि पाणी मागितलं.

"कुठी चालला, लालसू?" गुणवंतरावांनी विचारलं.

"बाजारात. जोडी विकतो. टोल्याचे लोक यायले चरू देत नाई. म्हणते, हे बैल पाह्यले का आमचे आठवते." त्यानं बैलांकडं पाहिलं. "मलेबी आठवते."

आतून, पाटावरून, देवाजीची मान लांब झाली. दारातून त्याला बैल दिसत होते. "जोडी बरी आहे," तो म्हणाला. "विचारा बरं, केवढ्याले देते."

भागीरथाबाई वाकल्या. त्यांनी देवाजीच्या पुढ्यातलं ताट उचललं, जसंच्या तसं, वड्यातुपासकट, आणि ते घेऊन ओसरीत आल्या. त्या घरात टोल्यावरच्या माणसाला पत्रावळीवर वाढायची रीत होती. जावयाचं पितळी ताट त्यांनी लालसूपुढं ठेवलं आणि त्या त्याच्यासमोर खाली बसल्या.

"जेव, बाबा."

लालसूनं ताट पाहिलं. मग आत पाटावर बसलेल्या माणसाकडं पाहिलं.

"हे त्याचं आहे, बाई. मी रुसलो नाई," तो म्हणाला. "जेवल्यानं ढोरं येत नाई." त्यानं ताट हलकेच परत सरकवलं, पाणी प्याला, गुणवंतरावांकडं पाहून मान हलवली आणि बैल सोडून बाजाराच्या वाटेला लागला.

भागीरथाबाई तशाच बसून राहिल्या, पुढ्यात भरलेलं ताट, आणि तूप थिजत होतं. आतून देवाजीनं घसा खाकरला. दुसऱ्या विनवणीची वेळ झाली होती.

विनवणीला आली ती मनकर्णा. हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात हात धुवायचं तस्त. तिनं ते नवऱ्यापुढं, ताट होतं त्या जागी ठेवलं.

"हात धुवा," ती म्हणाली. "जेवण झालं."

देवाजीनं सासूकडं पाहिलं, मग साळ्याकडं. दोघंही त्याच्याकडं पाहत नव्हते. मनकर्णानं तांब्या तिरका केला आणि ती पाणी ओतू लागली, त्याचा हात पुढं आला की नाही हे न बघता.